तरखारची चूलबंद पंगत

नातीने लग्न ठरवलं म्हटल्यावर आजी टाळ्या पिटेल अशी रुचिराची खात्री होती, आणि आशालताबाईंनी टाळीसाठी हात उचललेही होते. पण मुलगा तरखार गावचा, नाव निकेश, आईचं नाव गुणाबाई, एवढं कानावर पडलं आणि हात जागच्या जागी राहिले. हा मुलगा कितवा, एवढंच त्यांनी विचारलं. पाचवा, सगळ्यात धाकटा, रुचिरा म्हणाली. त्यावर आशालताबाई उठून बाल्कनीत गेल्या आणि तुळशीला सकाळी घातलेलं असूनही पुन्हा तांब्याभर पाणी घालून आल्या.

रुचिराला वाटलं, आजीला आगऱ्यांचं घर नको आहे. नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत अशी नाकं मुरडणारी मंडळी होती, आणि त्यांच्याशी भांडायची तिने मनातल्या मनात जय्यत तयारीही केली होती. सगळी तयारी वाया गेली. भानगड निराळीच होती. हा मुलगा जन्माला येऊ नये म्हणून एकेकाळी आशालताबाईंनी जिवाचं रान केलं होतं.

आशालताबाई सरकारी नर्स. पनवेल-उरण पट्ट्यातल्या अकरा गावांत त्या पंचवीस वर्षं कुटुंब नियोजनाचं काम करत हिंडल्या. मिठागरांच्या बांधांवरून, भातशेतीच्या चिखलातून, एका हातात छत्री आणि काखेत नोंदवही. वहीत प्रत्येक घराचा नंबर, नवरा-बायकोचं नाव, मुलं किती, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने एक शब्द. बाई ऑपरेशनला राजी असेल तर ‘तयार’, नसेल तर ‘नाही’. वरून टार्गेट यायचं हे खरं, पण बाई काही टार्गेटसाठी पाय झिजवत नव्हत्या. जगात माणसं मावेनाशी होणार, पाणी आटणार, तांदूळ पुरणार नाही, याची त्यांना मनापासून धास्ती होती. ती निवृत्तीनंतरही गेली नाही. जगाच्या लोकसंख्येचा धावता आकडा मोबाइलवर मिळतो हे कळल्यापासून सकाळचा चहा त्या आकड्याबरोबरच व्हायचा. आठशे कोटींच्या पुढे पळणारा तो आकडा बघून त्या असे उसासे टाकत, की जणू सगळे पाहुणे न कळवता त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन बसताहेत.

रुचिरा खारघरच्या एका कंपनीत शहरांच्या पाणीपुरवठ्याची आखणी करायची. पुढच्या तीस वर्षांत कुठे किती माणसं असतील याचा अंदाज बांधणं हे तिचं पोटापाण्याचं काम. ती आजीला परोपरीने सांगायची, की आकडा वाढतोय पण दमत दमत वाढतोय, आपल्याकडे आता बाईमागे दोन मुलंही भरत नाहीत, याच शतकात कधीतरी तो थांबेल. आजीला ते पटत नसे. माणसं वाढतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर या बाईंच्या हाती तरखारमध्ये जी एकच बाई लागली नाही, ती गुणाबाई. चार मुलं होती, दोन मुलगे, दोन मुली. आशालताबाई सात वेळा तिच्या दारात गेल्या. सातही वेळा उंबऱ्यात सासू उभी. सून माहेरी गेलीय, सून मिठागरावर गेलीय, सून हळदीला गेलीय. शेवटच्या खेपेला बाईंचा पारा चढला. आत कुठेतरी लपली असेल तर ऐकू दे, म्हणून त्या अंगणात उभ्या राहून ओरडल्या, की चार झाली तेवढी पुरेत, पाचवं आणलंत तर त्याला खायला काय घालणार, जगात जागा उरलेली नाही आता. शेजारपाजारच्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. पुढच्या श्रावणात पाचवं आलं. बाईंनी वहीत लाल शाईने ‘नाही’ लिहिलं, आणि मग त्यांची बदली झाली.

आता तेच पाचवं त्यांच्या दिवाणखान्यात बसून पोह्यांची दुसरी बशी संपवत होतं. उंच, हसरा, रुचिराकडे बघताना स्वतःचं नाव विसरणारा. आशालताबाईंना तो पहिल्या दहा मिनिटांतच आवडला, आणि त्यामुळे त्या आणखीच कावऱ्याबावऱ्या झाल्या.

त्यांना खरी भीती एकच होती. रुचिराने त्यांना एकांतात सांगितलं होतं, की मूल कधी, किती, की नकोच, हे तिला अजून ठरवायचं आहे. निकेशची हरकत नव्हती. पण घर गुणाबाईंचं. तीस वर्षं तो अपमान पोटात ठेवून बसलेली, पाच मुलांची आई. ती नर्सच्या नातीला सुखाने ठरवू देईल होय? दर सणाला, दर महिन्याला रुचिराच्या पोटाकडे बघत बसेल, आणि आजीने अंगणात जे तोंड सोडलं त्याचं उट्टं नातीवर काढेल. हे टळावं म्हणून आशालताबाई गुणाबाईंचे पाय धरायलाही तयार होत्या. तसं त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही, कारण पाय धरायची त्यांना सवय नव्हती.

बोलणी तरखारला झाली. गुणाबाईंनी त्यांना बघताक्षणी ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. चहा झाला, सरबत झालं, पानसुपारी झाली, रुचिराचे वडील सत्यजीत घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा गुणाबाईंनी पदर सावरला आणि आपली एकुलती एक अट घातली.

“नर्सबाय, लग्नाचं जेवान तुमचं. आन् ते आमच्या गावात, चूलबंद. तवा तुमी आमची मानसं कमी कराया आल्या व्हत्या. आता एकदा सगल्यांना पोटभर वाढा. एक मानूस उपाशी ऱ्हायला, तर मी ध्यानात ठेवीन.”

चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या दिवशी गावात एकाही घरात चूल पेटत नाही. रांगत्या पोरापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे लग्नाच्या मांडवात जेवतात. आशालताबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, की साधारण किती माणसं होतील. गुणाबाईंनी कानावर हात ठेवले. जेवणारी तोंडं मोजायची नसतात, मोजली की अन्नाची बरकत जाते, हा गावचा रिवाज. निकेशला विचारलं तर तो म्हणाला, हजार, दोन हजार, असं काहीतरी. यातल्या एक आणि दोनमध्ये हजार माणसं बसतात हे त्याच्या गावी नव्हतं.

गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे गावात दारोदार फिरून अंदाज घेणं आशालताबाईंना शक्य नव्हतं. अक्षताही निकेशच्या मित्रांनीच घरोघर पोचवल्या. मग बाईंनी कपाटाच्या तळातून ती जुनी वही काढली. दोनशे बारा घरं. दर घरी चार-पाच मुलं. त्या मुलांची लग्नं झाली असणार, त्यांना मुलं झाली असणार. सासरी गेलेल्या मुली वजा केल्या, आलेल्या सुना मिळवल्या, वारलेले म्हातारे वगळले. दोन दुपारी खपून उत्तर आलं एकोणीसशे. रुचिराने वहीत डोकावून सांगितलं, की आजी, हे फार होतंय, तू सगळ्यांना जुन्यासारखीच मुलं दिलीयस. आजीने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, की बाळा, तू कॉम्प्युटरवर माणसं बघतेस, मी ती अंगणात बघितलीत. मग पनवेलचा आचारी दयाराम याला बोलावून त्यांनी दोन हजार पानांचं सांगितलं. अन्न कमी पडलं तर गुणाबाई आयुष्यभर ध्यानात ठेवणार होत्या, आणि ते रुचिराच्या वाट्याला येणार होतं.

लग्न फेब्रुवारीतल्या एका रविवारी लागलं. तरखार ओळखू येत नव्हतं. मिठागरांच्या जागी टॉवर, कौलांच्या जागी तीन-तीन मजली घरं, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने नव्या विमानतळाचं विमान. हळदीची रात्र गावाने मटणावर गाजवली होती, आज गोडाधोडाचा दिवस. दयारामच्या भट्ट्यांवर मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, जिलेबी, आणि पिंपभर मठ्ठा. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, रुचिरा हसून हसून दमली. आशालताबाई मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या, हातात काठी, नजर पानांवर.

पहिल्या पंगतीला चारशे पानं. खच्चून भरली. बाईंनी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या पंगतीला मागची टेबलं रिकामी राहिली, पण ते चालायचंच. तिसऱ्या पंगतीला चाळीसजण बसले. चौथीला कोणीच आलं नाही.

दयाराम घाम पुसत आला. म्हणाला, बाई, अर्ध्याहून जास्त जेवण तसंच पडलंय, तुमची माणसं कुठे राहिली? आशालताबाई काठी टेकत खुर्चीतून उठल्या. कमी पडण्याची भीती त्यांनी हजार वेळा मनात घोळवली होती. उरेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

तेवढ्यात गुणाबाई आल्याच. नऊवारी नेसलेल्या, नथीपासून पाटल्यांपर्यंत सोन्याने मढलेल्या, आणि चेहऱ्यावर ढग.

“किती घरं वगलली तुमी, नर्सबाय?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “निम्मा मांडव मोकला हाय. कोनाकोनाला अक्षता दिल्या नाय?”

एकही घर वगळलेलं नाही, आशालताबाई म्हणाल्या, आणि पुरावा म्हणून पिशवीतून वही काढली. दोघी विहिणी मांडवाच्या कडेला बसल्या आणि घरवार झडती सुरू झाली. घर नंबर चौदा, सात मुलं. सात व्हती, गुणाबाई म्हणाल्या, पन दोगं खारघरला टॉवरमंदी गेले, एक दुबईला, आन् बाकीच्यांना एकेक पोर, ती सगली पयल्या पंगतीला जेवून गेली. घर नंबर बावीस, सहा मुलं. त्यातल्या एकाला एकच मुलगी, एकाने लग्नच केलं नाही, एकाला मूल नको आहे म्हणे. घर नंबर एकतीस, कुलूप. घर नंबर चाळीस, म्हातारा-म्हातारी आणि टीव्ही. पाच-पंचवीस घरं झाली तसा गुणाबाईंचा आवाज खाली खाली येऊ लागला. गाव एवढं आटलंय हे रोज बघूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. सगळी घरं आता तीन मजली झाली होती, त्यामुळे गाव भरल्यासारखं दिसत होतं.

“माज्या पाच जनांना मिलून चार नातवंडं,” त्या शेवटी स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “पाच जनांना मिलून चार.”

आशालताबाईंना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. ज्यासाठी पंचवीस वर्षं चिखल तुडवला ते झालं होतं, आणि त्यांच्या वहीला त्याचा पत्ताही नव्हता. पण समोर जिलेब्यांचे डोंगर होते आणि बाजूला रडवेली विहीण, त्यामुळे आनंद कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

आणि नेमक्या त्याच वेळी, मांडवामागच्या इमारतीतून, कुकरची शिट्टी वाजली.

दोघींनी मान वर केली. दुसरी शिट्टी वाजली. मग वरच्या मजल्यावरून तिसरी. चूलबंदच्या दिवशी! गुणाबाई ताडकन उभ्या राहिल्या, मग हात झटकून पुन्हा बसल्या. ते भाडेकरू हायत, त्या म्हणाल्या. गावातल्या प्रत्येक घराने वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. कोणी नांदेडचे, कोणी बिहारचे, कोणी ओरिसाचे, टॉवर बांधणारे, विमानतळावर सामान उचलणारे, खारघरच्या घरांतून पोळ्या लाटणाऱ्या बाया. रविवार असल्यामुळे सगळे घरी होते आणि गॅलऱ्यांतून लग्न बघत उभे होते. त्यांना अक्षता गेल्या नव्हत्या. ते गावातले धरतच नव्हते. आशालताबाईंच्या वहीत ते कुठून असणार?

“पण चूल तर तुमच्याच गावात पेटलीय ना?” आशालताबाईंनी विचारलं.

गुणाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या लांबलचक गॅलऱ्यांकडे बघितलं, तिथे दांडीवर वाळणाऱ्या लहान मुलांच्या झबल्यांकडे बघितलं. आणि नऊवारीचा काचा घट्ट करून त्या जिन्याकडे निघाल्या. पहिलं दार सुनीताचं, नांदेडची, नवरा सेंट्रिंगच्या कामावर, कडेवर एक आणि पदराला एक.

“सुनीता, गॅस बंद कर. पोरांना घे नि खाली जेवाया चल.”

“आम्ही गावातले न्हाईत की, मावशी,” सुनीता गोंधळून म्हणाली.

“रातीला निजतेस कुठं? इथंच ना? मंग गावातलीच.”

त्यानंतर जे झालं ते बघायला तरखारच्या लोकांनी पुन्हा गर्दी केली. गुणाबाई वरच्या मजल्यांवर दारं ठोठावत होत्या, आशालताबाई पहिल्या मजल्यावर काठी टेकत टेकत. ज्या पायांनी एकेकाळी या गावात दारोदार हिंडून त्यांनी बायकांना घाबरवलं होतं, तेच पाय, त्यातला एक गुडघा नवा, आज सांगत फिरत होते, की चला, गरम आहे तोवर चला, लेकरांना आणा, म्हाताऱ्यांना आणा, कोणी मागे राहू नका. दारं पटापट उघडत होती. एका खोलीत सात माणसं निघाली, एका खोलीत अकरा. आशालताबाईंनी मोजायला बोट उचललं आणि खाली घेतलं. त्यांना एवढा आनंद कितीतरी वर्षांत झाला नव्हता आणि तो त्यांना लपवावासाही वाटला नाही. एका बिहारी आजोबांना त्यांनी हात धरून जिना उतरवला तेव्हा नक्की कोण कोणाला धरतंय हे सांगणं कठीण होतं.

चौथी पंगत भरली, पाचवी भरली, सहावीला खुर्च्या कमी पडल्या म्हणून सतरंज्या अंथरल्या. बँडवाल्यांनी आपणहून पुन्हा वाजवायला घेतलं. निकेश फेटा काढून जिलेब्या वाढत सुटला आणि रुचिरा शालूचा पदर खोचून मठ्ठा. सातव्या पंगतीला भात तळाला गेला आणि दयारामने शिव्या देत, पण खुशीत, आणखी एक पातेलं चढवलं. भाताला वाफ येईपर्यंत सगळे थांबले. कोणीही उपाशी गेलं नाही.

शेवटच्या पंगतीला घरची माणसं बसली. आशालताबाई आणि गुणाबाई शेजारी शेजारी. मग गुणाबाई पानातल्या भाताकडे बघत बोलू लागल्या.

“सात येला आल्या तुमी. साती येला मी घरातच व्हते. सासूनं माल्यावर बसवलेली, शिडी काढून. तुमची हाक मला आयकू येवाची. मला खाली येवाचं व्हतं, नर्सबाय. चौथ्याच्या येली मी मरता मरता वाचले व्हते.”

आशालताबाईंनी हातातला घास पानात ठेवला.

“मंग ह्यो झाला,” गुणाबाईंनी समोर जिलेबीचं ताट घेऊन पळणाऱ्या निकेशकडे हनुवटी केली. “आता ह्याच्याकडं बघून कसं म्हनू, का नको व्हता? तुमी सांगा, बरोबर कोन व्हतं. तुमी का सासू?”

विहिणीला अहोजाहो करायचं, हे महिनाभर घोकलेलं सगळं आशालताबाई विसरल्या.

“दोघीही नाही, गुणा. मी सासूशी भांडले, अंगणात ओरडले, वहीत ‘नाही’ लिहून मोकळी झाले. तुला काय हवंय ते मी एकदाही विचारलं नाही. चुकलं माझं.”

गुणाबाईंनी मान हलवली. मग आपल्या पानातली जिलेबी उचलून त्यांनी आशालताबाईंच्या पानात ठेवली.

तेवढ्यात निकेशची थोरली आत्या, शकूआत्या, नारळ आणि खणाचं तबक घेऊन आली. नव्या सुनेची ओटी भरायची होती, आणि तिला दम धरवत नव्हता. रुचिरा मठ्ठ्याची बादली खाली ठेवून पाटावर बसली. बायका भोवती जमल्या. आत्याने ओटीत नारळ घातला, तांदूळ घातले, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आशीर्वाद मोठ्याने सुरू केला, “अष्टपुत्रा...”

हेच ते, आशालताबाईंना वाटलं, सुरुवात झाली. त्यांनी रुचिराकडे बघितलं. रुचिराने मान खाली घातली होती.

“शकू, थांब,” गुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. हात अजून खरकटाच होता. “आठ का एक का एकबी नाय, ते ती ठरवंल. माज्या घरात तिला ह्ये कोनी इचारायचं नाय, आन् तिनं सांगलं का कोनी मधी पडायचं नाय. मला इचारलं नव्हतं कोनी.”

आत्या ओंजळीत तांदूळ घेऊन तशीच उभी राहिली आणि मग तिने अगदी अजीजीने विचारलं, की मंग आता म्हनू तरी काय.

“सुखी ऱ्हा म्हन.”

आत्याने तसं म्हटलं. रुचिरा वाकून गुणाबाईंच्या पाया पडली आणि उठताना तिने सासूला मिठीच मारली, खरकट्या हातासकट. बायका हसायला लागल्या, कोणीतरी बँडवाल्याला हाक मारली, आणि आशालताबाईंना मात्र रडू आवरेना. दयाराम नवीन भाताचं पातेलं घेऊन समोर येऊन ठेपला होता, आणि रडणाऱ्या बाईला वाढावं की थांबावं ते त्याला समजेना. शेवटी गुणाबाईंनीच त्याच्या हातातला डाव घेतला आणि विहिणीच्या पानात वाफाळता भात वाढला.